प्रस्तरभंगांचे किरणोत्सर्गी कालमापन

खडकातल्या भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासून सरकल्या की तिथे प्रस्तरभंग, म्हणजेच फॉल्ट, तयार होतो. ही हालचाल केव्हा झाली हे त्या पट्ट्यात नव्याने जन्मलेल्या, वितळलेल्या किंवा तापून निवलेल्या खनिजांतील किरणोत्सर्गी समस्थानिकांवरून ठरवतात. प्रयोगशाळेतून मिळते ते खनिजाचे वय. ते हालचालीचे वय मानता येईल का, हा या शास्त्रातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

हा प्रश्न समजून घ्यायला नागपूरसारखी जागा क्वचितच सापडेल. शहराच्या पश्चिमेला डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे दख्खनच्या लाव्हाथरांचा, काळा बेसाल्ट आहे. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला प्रीकॅम्ब्रियन काळातले (सुमारे ५४ कोटी वर्षांपेक्षा जुने) पट्टेदार नाइस खडक, उत्तरेला मनसर-रामटेककडे मँगनीज असलेले सौसर गटाचे खडक आणि कामठी, उमरेड भागात गोंडवनी कोळसा, म्हणजे पर्मियन काळात (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी) साठलेला कोळसा. ट्रॅपचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे असल्याचे चांगले ठाऊक आहे. त्यामुळे एखादा फॉल्ट कोळशाचा थर तोडत असेल, पण वरच्या ट्रॅपला त्याचा धक्का लागलेला नसेल, तर तो पर्मियन काळानंतर आणि ट्रॅपच्या आधी सरकला, एवढे खाणीत उभे राहूनच सांगता येते. मात्र या दोन मर्यादांमध्ये सुमारे २० कोटी वर्षांचे अंतर आहे. ते कमी करायचे तर फॉल्टच्या आतलीच खनिजे तपासावी लागतात.

सर्वाधिक वापर होतो तो गाऊजचा. गाऊज म्हणजे सरकणाऱ्या खडकांच्या मधे दळून झालेली चिकण माती. तिच्यात इलाइट नावाचे पोटॅशियमयुक्त खनिज नव्याने वाढते. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे आणि त्याचा जवळपास ११ टक्के भाग आर्गॉन-४० मध्ये बदलतो. स्फटिकात साठलेला आर्गॉन आणि उरलेले पोटॅशियम मोजले की वय निघते.

अडचण अशी की गाऊजमध्ये जुना अभ्रकही मिसळलेला असतो. उमरेडच्या शेलमधला (चिखलापासून बनलेल्या खडकातला) अभ्रक मुळात प्रीकॅम्ब्रियन खडकांतून वाहून आलेला आहे. तिथला गाऊज सरसकट मोजला तर फॉल्टचे वय तो ज्या थराला तोडतो त्या थरापेक्षाही जास्त येऊ शकते, आणि ते तर अशक्य आहे. म्हणून नमुना कुटत नाहीत. कुटला तर जाड अभ्रकाचा भुगा बारीक कणांत मिसळतो. त्याऐवजी नमुना ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून सुटा करतात, जड कण तळाशी बसू देतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून २ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचे आणखी आकारवार गट पाडतात. प्रत्येक गटात जुन्या अभ्रकाचे आणि नव्या इलाइटचे प्रमाण किती, हे क्ष-किरण विवर्तनाने कळते. कण जितके बारीक तितके वय सहसा कमी येते. हे आकडे आलेखावर मांडून जुना अभ्रक शून्य टक्के असता तर वय किती आले असते, ते काढतात. भूशास्त्रज्ञ बेन व्हान डर प्लुइम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या रीतीने कॅनडाच्या रॉकी पर्वतातील फॉल्टचे वय सुमारे ५.२ कोटी वर्षे ठरवले, तेव्हापासून ती रूढ झाली. याच मोजणीचा सुधारित प्रकार असलेल्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत नमुना अणुभट्टीत ठेवावा लागतो. तिथे पोटॅशियमपासून तयार होणारा आर्गॉन-३९ इतक्या बारीक कणांतून निसटतो आणि वय फुगते, म्हणून नमुना निर्वात क्वार्ट्झ नळीत बंद करतात.

भूकंपाच्या घर्षणाने खडक क्षणभर वितळून काचेसारखा गोठला, तर त्याला स्यूडोटॅकिलाइट म्हणतात. तो एकाच धक्क्याची नोंद असल्याने फार मोलाचा. नागपूरच्या उत्तरेकडील गाविलगड-तान पट्ट्यात असे खडक सापडले आहेत. झिरकॉन आणि ॲपेटाइट या खनिजांतील विखंडन-रेषांवरून, म्हणजे युरेनियमचे अणू फुटून उमटलेल्या व खनिज अनुक्रमे सुमारे २४० आणि ११० अंश सेल्सिअसखाली निवल्यावरच टिकणाऱ्या ओरखड्यांवरून, फॉल्टची एक बाजू उचलली जाऊन केव्हा थंड झाली ते कळते. हालचालीचा तो पुरावा अप्रत्यक्षच.

गाविलगडचा फॉल्ट विदर्भातला सर्वांत बोलका. मोर्शीजवळच्या सालबर्डीला त्याच्या कडेने ट्रॅपखालचे गोंडवनी आणि त्याहूनही जुने खडक उघडे पडले आहेत. म्हणजे ट्रॅपनंतरही तो सरकला आहे. याच पट्ट्यातील जुने, खोलवर तापून लवलेले खडक मात्र ट्रॅपच्या फार पूर्वीच्या हालचाली दाखवतात. अशा फॉल्टला एकच वय चिकटवणे चूक आहे. शिवाय बेसाल्ट दळून होणारी माती बहुधा स्मेक्टाइटची असते; तिच्यात पोटॅशियम फारसे नसल्याने इलाइटची रीत इथे लंगडी पडते. माझ्या मते ट्रॅपमधल्या फॉल्टसाठी कॅल्साइट या चुनखनिजावर भर द्यावा. सरकण्याच्या दिशेने वाढलेल्या त्याच्या तंतूंवर लेझर मारून युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढता येते. अट एवढीच की त्यात पुरेसे युरेनियम हवे, आणि ते अनेकदा नसते.

१९३८ चा सातपुड्याचा आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप पाहता, हे पट्टे हल्ली सरकलेत का, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. त्यासाठी पोटॅशियमचे घड्याळ फार संथ आहे. फॉल्टने तोडलेल्या गाळातील जळक्या लाकडाच्या कोळशाचे तुकडे (खाणीतला दगडी कोळसा नव्हे) कार्बन-१४ ने सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत मोजता येतात. त्यापुढे वाळूच्या कणांचे ल्युमिनिसन्स (कणांवर शेवटचे ऊन केव्हा पडले ते सांगणारी चमक) किंवा कॅल्साइटचे युरेनियम-थोरियम मापन कामी येते.

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय आहे आणि नागपूर विद्यापीठात भूगर्भशास्त्र विभागही आहे. आर्गॉन-आर्गॉन मोजणीची प्रयोगशाळा आयआयटी मुंबईत आहे. नमुना घेताना सरकण्याची दिशा, रेघांचा कल आणि कोणता थर कोणाला तोडतो हे जागेवरच लिहून ठेवावे लागते. त्याशिवाय मिळालेल्या वयाचा अर्थ लावता येत नाही. उघड्या कोळसाखाणींत हे काम लांबवता येत नाही: खोदकाम पुढे सरकले की आज बेंचवर (खाणीच्या पायरीवर) दिसणारा गाऊजचा ओला पट्टा सुरुंगाने उडतो किंवा ओव्हरबर्डनच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडांच्या, ढिगाखाली जातो.