डिस्चार्ज बुकातलं ‘ते’ कारण बदलता येतं का?

शिक्षेमुळे किंवा लाल एंट्र्यांमुळे फौजेतली नोकरी मध्येच सुटलेल्या जवानांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येकजण खुर्चीत बसता बसता एकच वाक्य बोलतो: ‘साहेब, मला डिसमिस केलंय.’ मग साडीच्या दुकानाच्या पिशवीतून, तिच्या आतल्या दुसऱ्या पिशवीतून, डिस्चार्ज बुक निघतं. आम्ही कारणाचा रकाना बघतो. तिथे ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’ (सेवेची आता गरज नाही) असं लिहिलेलं असतं आणि शेजारी आर्मी रूल १३(३), तक्त्यातला तिसरा भाग, पाचवं कलम. म्हणजे गड्याला डिसमिस, म्हणजे शिक्षा म्हणून बडतर्फ, केलेलंच नसतं, डिस्चार्ज, म्हणजे सेवेतून मोकळं, केलेलं असतं. आणि हा माणूस दहा-दहा वर्षं गावात मान खाली घालून वावरलेला असतो.

म्हणून हे पत्रक वाचण्याआधी तेवढं पान उघडा. पुढचं सगळं त्या एका शब्दावर ठरतं.

‘अपग्रेड’ हा शब्द आपला नाही

हल्ली मुलं मोबाइलवर शोधून येतात आणि विचारतात, ‘डिस्चार्ज अपग्रेडचा फॉर्म तुमच्याकडे मिळेल का?’ तो फॉर्म अमेरिकेचा आहे. तिकडे सैनिकाच्या डिस्चार्जला दर्जा असतो. ऑनरेबल, जनरल, अदर दॅन ऑनरेबल, अशा पायऱ्या असतात, आणि दर्जा वाढवून घेण्यासाठी खास बोर्ड आहेत. डिस्चार्ज झाल्यापासून १५ वर्षांपर्यंत त्यांच्याकडे अर्ज करता येतो. फौज सोडल्यानंतर माणूस कसा वागला, त्याला युद्धामुळे मानसिक आजार होता का, हेही तिथे बघतात.

आपल्याकडे असं बोर्ड नाही. ‘आता मी दारू सोडली, माळ घातली, सरपंचाचा दाखला आणलाय’ हे सांगून काही बदलत नाही. वाईट वाटतं, पण खरं तेच आहे. आपल्याकडे विचारतात ते एवढंच: काढताना नियम पाळले का, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त झाली का? त्यामुळे ‘माझी चूक नव्हतीच’ असं भांडणारे बहुतेक हरतात. ‘चूक झाली, पण मला काढायची पद्धत ही नव्हती’ असं म्हणणाऱ्याला निदान उभं राहायला जागा असते.

चार लाल एंट्र्या

युनिटमध्ये मोठी शिक्षा झाली की शीट रोलवर (जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रावर) लाल शाईने नोंद होते, किरकोळ शिक्षेची काळ्या शाईने. चार लाल झाल्या की घरी पाठवतात, असा फौजेत पक्का समज आहे. कंपनीचा सिनिअर जेसीओही (सुभेदार वगैरे) तेच सांगतो.

हा समज अर्धाच खरा. सेना मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र आहे. चार एंट्र्यांवरून डिस्चार्ज करणं सक्तीचं नाही, असं त्यातच म्हटलंय. काढण्याआधी प्राथमिक चौकशी करायची, शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस द्यायची. गुन्हे कसले होते, किती वर्षं सेवा झाली, जवान कुठल्या खडतर ठिकाणी राहिला, पेन्शनला किती दिवस उरलेत, हे सगळं तपासायचं. आणि काढायचा आदेश ब्रिगेड किंवा सब एरिया कमांडरचा लागतो. सीओने, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरने, परस्पर काढायचं नसतं.

२०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर डिस्चार्ज रद्द केला. चौकशी झालेली नव्हती, एंट्र्या मोजून कागद काढला होता. त्यांना मागचा पगार मिळाला नाही, पण पेन्शनपुरती सेवा पूर्ण झाली असं धरायला न्यायालयाने सांगितलं. हा निकाल झेरॉक्स करून खिशात ठेवणारे आमच्याकडे बरेच येतात.

त्यांना आम्ही दुसराही निकाल दाखवतो. २०१९ मध्ये सतगुर सिंग यांचा डिस्चार्ज त्याच न्यायालयाने कायम ठेवला. त्यांच्या नावावर गैरहजेरीच्या सात एंट्र्या होत्या, नोटीस दिलेली होती, उत्तर विचारात घेतलेलं होतं. प्राथमिक चौकशी म्हणजे साक्षीदार बोलावून केलेली कोर्ट ऑफ इन्क्वायरीच हवी, असं नाही. तेव्हा ‘चार एंट्र्या म्हणजे हमखास केस’ असं कोणी सांगत असेल तर त्याला सतगुर सिंगचं नाव विचारून बघा.

आमच्या टेबलावर आम्ही आधी तारखा लावतो. चारातल्या तीन एंट्र्या एकाच वर्षातल्या असतील, त्या वर्षी घरी काय चाललं होतं ते विचारतो. नोटीस कुठल्या तारखेची, उत्तर कुठल्या तारखेचं, आदेश कुठल्या तारखेचा? नोटिसीला उत्तर द्यायला दिलेली मुदत संपण्याआधीच आदेशावर सही झालेली असेल, तर वकिलासाठी ते पान सगळ्यात मोलाचं.

दारूच्या एंट्र्या असतील तर आणखी एक गोष्ट सांगा, लाजू नका. मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात ठेवलं होतं का? मेडिकल कॅटेगरी खाली आणली होती का? आजारी म्हणून नोंद असलेल्या माणसाला मेडिकल बोर्डाकडे न पाठवता नकोसा म्हणून काढलं असेल, तर प्रश्न वेगळ्याच दिशेने विचारता येतो.

सुट्टी संपली आणि परत गेलो नाही

आमच्याकडची निम्म्याहून जास्त प्रकरणं इथूनच सुरू होतात. वडिलांचं ऑपरेशन, जमिनीचा वाद, बायको बाळंत. आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम ३९ मध्ये गुन्हा आहे तो ‘पुरेसं कारण नसताना’ सुट्टीहून जास्त राहण्याचा. सगळी लढाई त्या तीन शब्दांची. कारण खरं होतं एवढं पुरत नाही. ते तेव्हाच कळवलं होतं का, हे बघतात. युनिटला टाकलेल्या रजिस्टर्ड पत्राची पोस्टाची पावती ही डॉक्टरच्या सर्टिफिकेटापेक्षा भारी पडते, कारण तिच्यावर तारखेचा शिक्का असतो.

मदन प्रसाद यांच्या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम ठेवली. ते १०८ दिवस जास्त राहिले होते. बायको आजारी असल्याचं कारण होतं, पण कागद पुरेसे नव्हते आणि आधीच्या शिक्षाही होत्या.

एक विनंती. मागच्या तारखेचं डॉक्टरी सर्टिफिकेट आणू नका. कुठे मिळतं ते आम्हालाही माहीत आहे, समोरच्या सरकारी वकिलालाही माहीत आहे.

तीस दिवस उलटले की युनिट कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवतं आणि पुढे जवानाला भगोडा धरलं जातं. अशा वेळी घरच्यांनी लपवालपवी करू नये. स्वतःहून हजर झालेल्याचं आणि पोलिसांनी धरून नेलेल्याचं प्रकरण एकसारखं चालत नाही.

समरी कोर्ट मार्शल

इथे मात्र डिसमिसल खरोखरच झालेलं असतं. सीओ एकटाच न्यायाधीश, दुपारी सुरू झालं, चहाच्या आधी संपलं, असं जवान सांगतात. समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, तातडीची गरज असेल तेव्हाच वापरायचा आणि ती गरज कागदावर लिहायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विश्व प्रिया सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. जवानाला खटल्यासाठी ज्या युनिटला अटॅच केलं असेल, त्या युनिटच्या सीओलाही खटला चालवता येतो, हेही त्याच निकालात आहे. गुन्हा कबूल केल्याची नोंद असेल तर तिच्याखाली तुमची सही आहे का, ते आम्ही आधी बघतो.

रणजित ठाकूर यांचं प्रकरण जुनं आहे, १९८७ चं, पण आम्ही ते प्रत्येकाला सांगतो. ते आधीच कोठडीत शिक्षा भोगत होते. वरिष्ठाने जेवायचा हुकूम दिला, ते जेवले नाहीत. या हुकूमभंगासाठी एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी! ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्यांची तक्रार होती तोच खटल्याला बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने सगळं रद्द केलं: न्याय देणारा पूर्वग्रह असलेला नको आणि शिक्षा गुन्ह्याच्या मापाची हवी. ‘शिक्षा जास्त झाली’ हा मुद्दा फौजेच्या प्रकरणांत मांडताना आजही या निकालाचं नाव निघतं.

पेन्शनचं गणित

जवानाला सेवा पेन्शन १५ वर्षांनंतर. डिस्चार्ज झालेल्याची १५ वर्षं भरलेली असतील तर लाल एंट्र्या असल्या तरी पेन्शनचा हक्क जात नाही. हे न कळल्यामुळे अर्जच न केलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. पाच ते पंधरा वर्षांच्या मधल्यांना सेवा ग्रॅच्युइटी. चौदा-साडेचौदा वर्षांवर अडकलेल्यांसाठी बारा महिन्यांपर्यंतची तूट माफ करण्याची तरतूद आहे, पण तिला अटी आहेत. प्रकरण बघूनच सांगता येईल.

बडतर्फ झालेल्याची मात्र मागची सगळी सेवा पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी शून्य होते. त्यातही एक फट आहे: अपवाद म्हणून राष्ट्रपतींच्या अधिकारात, डिस्चार्ज झाला असता तर मिळाली असती तेवढ्यापर्यंत पेन्शन देता येते. लांब सेवा, एकच गुन्हा आणि तोही पैशांचा किंवा मारहाणीचा नसेल, तर असा अर्ज आम्ही करून देतो. भरवसा देत नाही.

माजी सैनिकाचा दर्जाही यालाच जोडलेला आहे. पेन्शन मिळवून बाहेर पडलेला माजी सैनिक ठरतो. पेन्शन नसताना गैरवर्तनावरून काढलेला ठरत नाही, त्यामुळे ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), कॅन्टीन कार्ड, सरकारी भरतीतलं आरक्षण या सगळ्याला मुकतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कार्ड नाकारलं म्हणून तिथल्या क्लार्कशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं.

अर्ज कुठे, आणि किती दिवसांत

आधी सेनेकडेच अर्ज किंवा अपील. फौजेच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण, म्हणजे आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, साधारणपणे त्याशिवाय प्रकरण घेत नाही. सेनेकडून नकार आला तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत ट्रिब्युनलला जायचं. उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट बघायची आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत जायचं. कोर्ट मार्शलविरुद्धच्या अपिलाला ९० दिवस. उशीर माफ होऊ शकतो, पण ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण फार चालत नाही.

हे ट्रिब्युनल २००९ मध्ये सुरू झालं, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबईचं खंडपीठ आहे. ट्रिब्युनलला कोर्ट मार्शलची शिक्षा कमी करण्याचाही अधिकार आहे. बडतर्फीचा डिस्चार्ज होतो तो याच वाटेने, आणि आपल्याकडे ‘अपग्रेड’च्या सगळ्यात जवळचं असं काही असेल तर ते हेच. ट्रिब्युनलनंतर उच्च न्यायालयात रिट करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. जवान वारला असेल तर पत्नी किंवा वारसही अर्ज करू शकतात. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

वीस वर्षांपूर्वीचं प्रकरण घेऊन येणाऱ्यांसाठी: थकलेल्या पेन्शनचा दावा उशिरा केला तरी ऐकतात, थकबाकी मात्र साधारण तीन वर्षांचीच मिळते. डिस्चार्जच चुकीचा होता, हा दावा इतक्या उशिरा टिकवणं कठीण.

सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांनी हे पत्रक बाजूला ठेवावं. तुमचा कायदा वेगळा, ट्रिब्युनलही तुमचं नाही, थेट उच्च न्यायालय. अग्निवीरांना मुळात पेन्शनच नाही, त्यामुळे त्यांचाही हिशेब निराळा.

आम्ही काय करतो

आम्ही वकील नाही. आमच्यातल्या एकाची हयात रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क म्हणून गेली, त्यामुळे कुठला कागद कुठल्या फायलीत असतो ते कळतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. तिथे माहिती अधिकारात अर्ज करून शीट रोल, शो कॉज नोटीस, चौकशीचा अहवाल आणि डिस्चार्जचा आदेश यांच्या नकला मागवतो. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. जुन्या फायली ठरावीक काळानंतर नष्ट करतात, म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

कागद आले की तारखांचा तक्ता करून देतो आणि प्रकरणात दम आहे की नाही ते तोंडावर सांगतो. दम नसेल तर पुढचे पैसे घेत नाही. ‘दिल्लीत ओळख आहे, पेन्शन चालू करून देतो, निम्मी थकबाकी आमची’ असं सांगणारे एसटी स्टँडवर भेटतील. त्यांना डिस्चार्ज बुक हातात देऊ नका.

येताना डिस्चार्ज बुक मूळ आणा, नुसती झेरॉक्स नको. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) असेल तर तो, बँक पासबुक, आधार, आणि युनिटकडून आलेलं प्रत्येक पत्र, पाकिटासकट. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का कधी कधी आतल्या पत्रापेक्षा जास्त बोलतो. आणि कृपा करून काहीही लॅमिनेट करू नका. मागच्या बाजूची पेन्सिलने केलेली नोंद प्लास्टिकखाली वाचता येत नाही, आणि प्लास्टिक काढायला गेलं की शाई त्याच्याबरोबर निघून येते.