जालपटलाची स्थानिक अरक्तता

डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे जालपटलाला, रक्त कमी पडल्याने होणारा विकार. नेहमीचे कारण मधुमेह. नीला (रक्त परत नेणारी वाहिनी) तुंबणे, सिकल सेल रोग ही आणखी काही.

वजनाच्या मानाने सर्वाधिक ऑक्सिजन खर्चणाऱ्या ऊतींत जालपटल मोडते. त्याचा प्रकाशग्राही पेशींचा बाहेरचा थर रंजितपटलावर, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरावर, पोसतो; आतल्या थरांची भिस्त मध्य जालपटल रोहिणी या धमनीवर. तिच्या शाखा एकमेकींना जोडलेल्या नसतात, म्हणून एक वाट बंद झाली की तेवढा भाग उपाशीच राहतो.

मधुमेहात बिघाड केशवाहिनीच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीच्या, भिंतीपासून सुरू होतो. भिंतीला बाहेरून आवळून धरणाऱ्या पेरिसाइट पेशी मरतात. आधार सुटलेली भिंत फुगते आणि लाल ठिपके दिसू लागतात. तपासणीत सापडणारी ही बहुधा पहिली खूण. पुढे अस्तराच्या पेशीही जातात व रिकामी नळी उरते. चेतातंतूंचा थर जागोजागी सुजतो, त्याचे डाग कापसाच्या बोळ्यांसारखे दिसतात. गंमत अशी, की या काळात रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळही वाचू शकतो. बारीक पाहण्याच्या मधल्या खळग्यात मुळातच सुमारे अर्धा मिलिमीटर जागा रक्तवाहिन्यांविना असते. तिच्या कडेच्या केशवाहिन्या मिटल्या, की चष्म्याने न सुधारणारी अधू नजर येते.

१९६१ मध्ये हॅरॉल्ड नोव्होटनी व डेव्हिड अॅल्विस यांनी फ्लुरेसिन रंग शिरेत टोचून पडद्याची छायाचित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात रक्त न पोहोचणारे भाग काळे दिसतात.

उपाशी पडदा नव्या वाहिन्या मागवतो. त्यासाठी त्यातून काही पदार्थ पाझरत असावा, हा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडला होता. पुढे व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारे प्रथिन हाती लागले. नव्या वाहिन्या मात्र गरजेच्या जागी न जाता पडद्याच्या पृष्ठभागावर व काचाभ द्रवाकडे (डोळ्याच्या पोकळीतल्या पारदर्शक जेलीकडे) वाढतात. त्या ठिसूळ असतात. फुटून डोळ्यात रक्त साचते, व्रणाची ऊती आखडून पडदा ओढला जातो.

लेसरचा उपचार वरवर उफराटा वाटेल: कडेचा पडदाच शेकडो ठिकाणी जाळतात. त्याने ऑक्सिजनची मागणी घटते आणि मधली नजर वाचते. अंधारात दिसणे काहीसे कमी होते. व्हीईजीएफरोधक इंजेक्शने डोळ्यात देतात. त्यांनी नव्या वाहिन्या सुकतात, सूज उतरते, पण मिटलेली केशवाहिनी सहसा पुन्हा उघडत नाही. म्हणून औषधाचा अंमल ओसरला की तीच मागणी पुन्हा सुरू होऊ शकते.