पालशेतच्या किनाऱ्यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत

हाडाच्या उपचारात रुग्ण दगावला आणि प्रकरण कोर्टात गेलं, की ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा निकाल हमखास पुढे येतो. त्याची सुरुवात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतची.

६ मे १९५३. समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अपघातात विशीतल्या एका मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या. मग टॅक्सीने पुणं गाठलं: सुमारे २०० मैल, ११ तास. मोडलेल्या मांडीने तो प्रवास कसा सोसला असेल, या विचाराने आजही कळवळायला होतं. ९ मे रोजी पुण्यातल्या दवाखान्यात उपचार झाले आणि त्याच रात्री मुलगा गेला.

तासाच्या अंतराने मॉर्फिया या तीव्र वेदनाशामकाची दोन इंजेक्शनं द्यायची होती. एकच दिलं गेलं. पुण्यातल्या डॉ. जोशींचं म्हणणं असं, की हाड बसवण्याचा प्रयत्न केलाच नाही, पाय फक्त प्लास्टरमध्ये स्थिर केला. पण जुलै १९५३ मध्ये त्यांनीच मुलाच्या वडिलांना, म्हणजे गोडबोलेंना, लिहिलेलं पत्र या बचावाच्या आड आलं. भूल न देता, तीन मदतनिसांकरवी पाय जोराने ओढून हाड बसवलं आणि त्या धक्क्याने मृत्यू झाला, असा निष्कर्ष निघाला. मृत्यूच्या दाखल्यावरचं ‘फॅट एम्बॉलिझम’ (चरबीचे कण रक्तात जाऊन रक्तवाहिनी अडणं) हे कारण कोर्टाने मानलं नाही. भरपाई ३,००० रुपये. सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांचं अपील फेटाळलं ते २ मे १९६८ रोजी, म्हणजे तब्बल १५ वर्षांनी.

रुग्ण हाती घ्यावा का, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असं या निकालाने सांगितलं. उपचार निवडण्याची मोकळीक मात्र डॉक्टरकडेच ठेवली. माझ्या मते हा तोल अगदी योग्य होता. गुंतागुंत झाली म्हणजे हलगर्जीपणा झालाच असं नाही.

दिवाणी दाव्याची लांबण बहुतेकांना परवडत नसे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वेगळी वाट दिली आणि पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही त्यात येते, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं. फौजदारी गुन्ह्यासाठी चूक घोर स्वरूपाचीच हवी, हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने ठरवलं.