पोलिसी कामातला वंशभेद : पुरावा कशाला म्हणायचं

एखादा पोलिसवाला वंशवादी निघणं वेगळं आणि अख्खं खातंच भेदभाव करतंय असं म्हणणं वेगळं. हे दुसरं सिद्ध करायला नेमकं काय दाखवायचं ह्यावर अमेरिका-ब्रिटनमध्ये कितीतरी वर्षं वाद चाललाय.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे लोकसंख्येशी तुलना. फर्ग्युसन शहराबद्दल अमेरिकी न्याय खात्याचा २०१५ चा रिपोर्ट आहे, तिथं काळे लोक ६७ टक्के, पण पोलिसांनी अडवलेल्या गाड्यांत ८५ टक्के आणि अटकेत ९३ टक्के. वाचून वाटतं विषय संपला, पण विरोधक विचारतात की तुलना लोकसंख्येशीच का, रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांशी का नाही, गुन्ह्यांच्या तक्रारींशी का नाही? प्रश्न अगदीच फालतू नाहीये. म्हणून अभ्यासक दुसऱ्या बाजूनं शिरले, अडवल्यावर सापडलं काय ते बघा. न्यूयॉर्कच्या 'थांबवा आणि झडती घ्या' पद्धतीवर २०१३ मध्ये कोर्टाचा निकाल आला, त्यात २००४ ते २०१२ मधल्या ४४ लाख प्रसंगांचा हिशोब होता, आणि हत्यार सापडायचं प्रमाण काळ्यांकडं १.० टक्का तर गोऱ्यांकडं १.४. म्हणजे काळ्या माणसाला अडवायला कमी संशय पुरत होता. हा पुरावा पहिल्यापेक्षा कितीतरी जड आहे.

हेतू दाखवायलाच पाहिजे का, हा आणखी एक तिढा. १९८७ च्या मॅक्लेस्की खटल्यात (तो फाशीबद्दल होता, पण दाखला सगळीकडं देतात) अमेरिकी सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की नुसते आकडे चालणार नाहीत, ह्याच आरोपीशी मुद्दाम भेदभाव झाला ते दाखवा. ब्रिटनमध्ये एका काळ्या तरुणाच्या खुनाचा पोलिसांनी केलेला तपास तपासणाऱ्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालानं उलट धरलं, नकळत होणारा भेदभावसुद्धा संस्थेचाच दोष.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे आकडे पोलिसांच्याच नोंदीतून येतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायरच्या पोलिसी बळावरच्या २०१६ च्या अभ्यासात ढकलणं, बेड्या घालणं ह्यात काळ्यांशी फरक दिसला, गोळीबारात दिसला नाही. टीकाकार म्हणाले की अहो, नोंदीत फक्त अडवलेलेच लोक येतात आणि अडवण्यातच भेद असेल तर पुढचं गणित चुकणारच.

साताऱ्या-सांगलीकडं हा विषय निघाला की बोलणं वंशावरून जातीवर येतं, आणि माण-खटाव किंवा जतला तर थेट रामोशी-पारध्यांवर. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला, जन्मावरून संशयित ठरवून लोकांना हजेरी द्यायला लावायचे. इथं भेदभाव शोधायला आकडे कशाला, तो कायद्यातच छापलेला होता! ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला, मग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आजही घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते अशी तक्रार ऐकू येते. पण नाकाबंदीत अडवलेल्यांची जातवार नोंद आपल्याकडं होतच नाही, त्यामुळं न्यूयॉर्कसारखा हिशोब मांडायला कच्चा मालच नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या सुप्रीम कोर्टानं विमुक्त जमातींच्या (म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या) लोकांना मनमानी अटक करू नका असं पोलिसांना बजावलं. त्याच निकालात तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलाय. रकाना शिक्का मारतो हे खरंच, पण भेदभाव मोजणारे लोकसुद्धा तोच रकाना मागतात.