आकडा आपोआप उतरतो तेव्हा

फिलाडेल्फियासमोर, डेलावेअर नदीच्या पलीकडच्या काठावर कॅमडेन हे न्यू जर्सीतलं गरीब शहर आहे. तिथले फॅमिली डॉक्टर जेफ्री ब्रेनर यांनी हॉस्पिटलांची बिलं चाळली, तेव्हा जेमतेम १ टक्का रुग्णांवर एकूण खर्चातला ३० टक्के खर्च होत असल्याचं दिसलं. हीच मंडळी पुन्हा पुन्हा ॲडमिट होत होती. मधुमेह, हृदयविकार, दमा. त्यात कुणाला व्यसन, कुणाला राहायला घर नाही.

ब्रेनर यांच्या संस्थेने यावर एक पथक उभं केलं. रुग्ण हॉस्पिटलात असतानाच ओळख करून घ्यायची, डिस्चार्ज मिळाला की थोड्याच दिवसांत नर्सने घरी जायचं. घरातली सगळी औषधं समोर मांडायची: जुनी कुठली, नवी कुठली, एकच औषध दोन नावांनी चाललंय का. मग डॉक्टरची वेळ घ्यायची आणि गरज पडली तर सोबतही जायचं. काम सुरू झाल्यावर या रुग्णांचं ॲडमिट होणं झपाट्याने घटलं. साहजिकच गवगवा झाला. २०१२ पासून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना, रुग्ण ३० दिवसांत परत येण्याचं प्रमाण जास्त असेल तर हॉस्पिटलांचे पैसे कापू लागली होती. त्यामुळे असा उपाय सगळ्यांनाच हवा होता.

इथे संस्थेने जे केलं त्याला हिंमत लागते. एमआयटीच्या अर्थतज्ज्ञ एमी फिंकेलस्टाइन यांच्यासोबत तिने आपल्याच कामाची परीक्षा घेतली. २०१४ ते २०१७ मध्ये ८०० रुग्ण निवडले आणि पथक कुणाला मिळणार, हे निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. निकाल २०२० मध्ये छापून आला. १८० दिवसांत पुन्हा ॲडमिट झालेले: पथक मिळालेल्यांत ६२.३ टक्के, न मिळालेल्यांत ६१.७ टक्के. फरक शून्यच म्हणायचा.

मग आधीची घट कुठून आली? सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत आणि न घेतलं तर आठवड्यात बरी होते, त्यातलाच हा प्रकार. रुग्ण निवडले जात होते ते त्यांच्या सर्वांत वाईट काळात, सहा महिन्यांत निदान दोनदा ॲडमिट झाल्यावर. अशा टोकाला पोचलेला माणूस पुढच्या सहा महिन्यांत, काहीही न करता, बहुधा थोडा सावरतोच. नुसतं आधी आणि नंतर पाहिलं असतं तर पथक मिळालेल्यांत ३८ टक्के-बिंदूंची घट दिसली असती. तशीच घट दुसऱ्या गटातही झाली होती. तुलनेला तो गट नसता तर हे कळलंच नसतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी आरोग्य योजनांच्या अहवालांत तो नसतो.

नर्स अपॉइंटमेंट मिळवून देऊ शकते, पण परवडणारं घर किंवा व्यसनमुक्तीचे उपचार गावात पुरेसे नसतील तर ती काय जुळवून देणार? ब्रेनर निकालाची वाट न पाहता २०१७ मध्येच एका मोठ्या विमा कंपनीत गेले. तिथे त्यांनी काम हाती घेतलं ते बेघर रुग्णांना घर मिळवून देण्याचं.