अळूवरची अळी आणि घरजावई व्हायरस

गुहागरला आमच्या परसात विहिरीच्या पाटाकडेला अळू आहे, गणपतीतलं फदफदं त्याचंच. मागच्या श्रावणात वड्यांसाठी पानं काढायला गेलो तर एका पानामागे बोटाएवढी हिरवी अळी, शेपटाला काटा असलेली, आणि पाठीवर तांदळाचे दाणे चिकटवल्यासारखं पांढरं पांढरं काहीतरी. काकू म्हणाली, "अंडी घातलीन बघ मेलीने, टाक ते पान लांब." मी पण इतकी वर्षं त्यांना अंडीच समजायचो.

ती अंडी नसतात, कोष असतात, आणि ते अळीचे नाहीत, मुंगीएवढ्या एका गांधीलमाशीच्या पिल्लांचे. ही माशी जिवंत अळीला टोचून आत अंडी घालते, पिल्लं आतल्या आत अळीला खातात आणि मोठी झाली की कातडी फोडून बाहेर येऊन तिच्याच पाठीवर कोष विणतात. आता अळी काय अगदीच बावळट नाही, अंगात परकं काही शिरलं की तिच्या रक्तातल्या पेशी त्याला चहूबाजूंनी घेरून गुदमरवून मारतात, मग ही अंडी वाचतात कशी? तर माशी अंड्यांबरोबर व्हायरस पण टोचते. तो अळीच्या पेशींत शिरतो आणि तिथे त्याचे जीन्स ही पहारेकरी यंत्रणाच बंद पाडतात. व्हायरस काढून नुसती अंडी टोचली तर अळी त्यांचा फडशा पाडते, हे अशाच एका दुसऱ्या जातीच्या माशीत १९८१ मध्येच दाखवलं गेलं.

पण खरी गंमत पुढे आहे. हा व्हायरस अळीत स्वतःच्या कॉप्या काढूच शकत नाही, कारण ते काम करणारे जीन्स त्याच्याकडे नाहीतच, ते माशीच्या स्वतःच्या डीएनएत आहेत, वारशाने पुढच्या पिढीत जातात, आणि व्हायरस तयार होतो तो फक्त मादीच्या अंडाशयात. साधारण १० कोटी वर्षांपूर्वी कुठल्यातरी माशीच्या पूर्वजाला लागण झाली आणि हा पठ्ठ्या परत गेलाच नाही, घरजावई झाला. आता माशीशिवाय तो नाही आणि त्याच्याशिवाय तिची पिल्लं जगत नाहीत. याला अजून व्हायरस म्हणायचं का यावर लोक वाद घालतात, मला तर तो तिचाच एक अवयव वाटतो.

त्याच्या मूळ खानदानाला न्यूडीव्हायरस म्हणतात, आणि त्यातलाच एक आपल्या माडांच्या कामाचा आहे. गेंड्या भुंगा शेंड्यात शिरला की नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी बाहेर येते ती माडवाल्यांनी बघितली असेलच, त्या भुंग्याला हा व्हायरस मारतो. १९६७ साली तो सामोआ बेटांवर मुद्दाम सोडला, नंतर आपल्याकडे लक्षद्वीपमध्येही. म्हणजे एक भाऊ घर सांभाळतो आणि दुसरा घरमालकालाच खातो, फायदा इथे आपला, भुंग्याचा नाही.

उलटंही होतं. कॉलऱ्यात माणसाचं सगळं पाणी काढून घेणारं जे विष असतं ना, त्याचा जीन मुळात कॉलऱ्याच्या बॅक्टेरियाचा नाहीच, तो त्याला एका व्हायरसने आणून दिलाय, हे १९९६ मध्ये कळलं. जुलाब झाले की बॅक्टेरिया पुढच्या माणसाकडे जायला मोकळा, त्याचं भलं झालं, आपलं काय ते झालं.

आपल्यातही असे जावई आहेत. माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग जुन्या व्हायरसांचा आहे, बहुतेक नुसता पडून आहे, पण त्यातल्या एका जीनवरून बनणारं प्रोटीन गरोदरपणात वारेच्या पेशी एकमेकींत जोडून सलग पडदा तयार करतं, त्यातूनच बाळाला आईकडून पोषण मिळतं. व्हायरस हेच प्रोटीन पेशीला चिकटून आत घुसायला वापरायचा.

मला सगळ्यात आवडतो तो अमेरिकेतल्या यलोस्टोन या गरम झऱ्यांच्या राष्ट्रीय उद्यानातल्या गवताचा किस्सा. मे महिन्यात आमच्या सड्यावर दुपारी अनवाणी दहा पावलं टाकून बघा, कातळ नुसता तापलेला असतो, पण तिथली जमीन आतल्या उष्णतेने ६५ डिग्रीपर्यंत जाते आणि त्यात हे गवत हिरवं! त्याच्या आत एक बुरशी राहते म्हणून ते तगतं असं आधी वाटलं, मग २००७ मध्ये कळलं की त्या बुरशीच्या आत एक व्हायरस आहे, तो काढून टाकला तर बुरशी असूनही गवत करपतं, परत घातला की परत टिकतं. मग तीच बुरशी व्हायरससकट टोमॅटोच्या रोपांना दिली, तर गरम मातीत ती पण तगली.