ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीतल्या पेशी संशोधनासाठी हव्या आहेत? एथिक्स कमिटीकडे अर्ज असा करा

ऑपरेशनच्या फॉर्मवर पेशंटची सही आहे, म्हणजे काढलेली गाठ प्रयोगशाळेत नेता येते, असं अनेक पीजी आणि पीएचडीचे विद्यार्थी धरून चालतात. ती सही उपचारापुरती असते. संशोधनासाठी वेगळी संमती लागते, आणि तिच्याही आधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नैतिक चौकटीत आहे का हे तपासणाऱ्या समितीची, लेखी मंजुरी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतला क्रम हाच आहे. नमुने आधी गोळा करून मागाहून मंजुरी मागू नका.

पेशी वाढवायच्या आहेत की नुसत्या तपासायच्या, हे पहिल्यांदा ठरवा. फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवण्याच्या द्रावणात) टाकलेल्या तुकड्यातल्या पेशी मरतात, त्या कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत पोषक द्रवात, वाढत नाहीत. कल्चरला ताजा तुकडा हवा, म्हणून संमतीही ऑपरेशनच्या आधीच हवी. पॅथॉलॉजीतल्या जुन्या पॅराफिन ब्लॉकवर (मेणात बसवून जपलेल्या तुकड्यांवर) काम असेल आणि पेशंटची ओळख कळणार नसेल, तर संमतीतून सूट मागता येते. पुण्याच्या एनसीसीएससारख्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या) ठिकाणाहून तयार सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, आणणार असाल, तरी 'परवानगी लागत नाही' हे तुम्ही ठरवू नका. कमिटीकडून तसं लेखी घ्या.

अर्जासोबत प्रोटोकॉल (संशोधनाचा सविस्तर आराखडा), संशोधकांचे सही केलेले सीव्ही, गाईडचं आणि विभागप्रमुखांचं पत्र, बजेट, हितसंबंधांचं निवेदन, आणि इंग्रजी व मराठीत माहितीपत्रक व संमतीपत्र जोडा. प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. पॅथॉलॉजी विभागाचं पत्र विसरू नका. निदानासाठी लागणारा भाग आधी पॅथॉलॉजिस्ट घेईल आणि उरलं तरच तुम्हाला मिळेल, हे त्यात स्पष्ट हवं. गाठ लहान असेल तर काहीच उरत नाही. पेशंटच्या निदानापुढे तुमचा प्रबंध दुय्यम आहे.

अर्ज अडकतो तो माहितीपत्रकावर. 'नमुना संशोधनासाठी वापरला जाईल' एवढ्याने भागत नाही. असं लिहा: 'निदानाला लागणारा भाग ठेवून उरलेल्या गाठीचा सुमारे १ सेंमीचा तुकडा घेऊ. त्यासाठी जास्तीची चीर द्यावी लागणार नाही. पेशी वाढल्या तर ५ वर्षं गोठवून ठेवू.' हा अभ्यास, पुढचे अभ्यास आणि दुसऱ्या संस्थेला पेशी देणं, या तिन्हींसाठी हो-नाहीच्या वेगळ्या चौकटी ठेवा.

आपल्या पेशींचा, त्यांपासून बनलेल्या सेल लाइनचासुद्धा, वापर थांबवायला सांगण्याचा हक्क पेशंटला आहे. त्यामुळे पेशंटचं नाव आणि नमुन्यावर नावाऐवजी टाकलेला कोड जोडणारी यादी कोणाकडे राहील, हे लिहावं लागतं. ओळख कायमची पुसली की नमुना शोधून परत काढता येत नाही. ही गोष्ट पेशंटला सहीआधी कळलीच पाहिजे.

संमती आदल्या दिवशी वॉर्डात घ्या, थिएटरच्या दारात ट्रॉलीवर नाही. शक्यतो ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ती मागू नये, कारण त्याला 'नाही' म्हणायला पेशंट कचरतो. वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्यासोबत निष्पक्ष साक्षीदाराची सही लागते. तुमच्या टीममधला माणूस चालत नाही. मूल असेल तर पालकांची संमती हवीच. शिवाय ७ ते ११ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ मध्ये लेखी होकार घ्यावा लागतो. सही झालेली एक प्रत पेशंटच्या हातात द्या.

पेशींमध्ये जनुकीय बदल करणार असाल तर संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीकडे, आणि त्यांपासून स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) बनवणार असाल तर स्टेम सेल संशोधनाच्या कमिटीकडेही जावं लागतं. परदेशी सहकार्याला आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी आणि नमुने पाठवायला दोन्ही संस्थांमधला करार लागतो. गोठवलेल्या पेशी पुढे दुसऱ्या अभ्यासात वापरायच्या झाल्या, तर पेशंटने त्या चौकटीत 'हो' केलेलं असलं तरी एथिक्स कमिटीकडे नवा अर्ज करावा लागतो.